गेम सर्व्हर सुरू करण्याइतकेच तो नीट बंद करणेही शिकवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लिनक्सवर मल्टिप्लेअर गेमचा डेडिकेटेड सर्व्हर उभारण्याविषयीचा आपल्या पुरवणीतील लेख वाचला. हा विषय मराठीत आला याचा मनापासून आनंद झाला. लिनक्स, नेटवर्क आणि बॅकअप या तिन्ही गोष्टी एकाच वेळी आणि आवडीने शिकायला यापेक्षा चांगले निमित्त सापडणे कठीण. म्हणूनच लेखातले तीन सल्ले फार खटकले. सर्व्हर रूट म्हणजे सर्वाधिकारी यूजर म्हणून चालवा, पोर्टची (जोडणीसाठीच्या क्रमांकित दारांची) कटकट नको म्हणून ते यंत्र राउटरच्या डीएमझेडमध्ये, म्हणजे सगळे पोर्ट बाहेरून उघडे ठेवणाऱ्या जागेत टाका, आणि तरीही जोडणी होत नसेल तर फायरवॉल बंद करा. हे तिन्ही सल्ले मागे घ्यायला हवेत. पण त्याहून मोठी उणीव वेगळी आहे. सर्व्हर सुरू कसा करायचा हे लेखात आहे, तो बंद कसा होतो याबद्दल अवाक्षर नाही. खेळाडूंनी महिनोन्‌महिने खपून उभे केलेले वर्ल्ड हातचे जाते ते बंद होतानाच्या त्या काही सेकंदांत. म्हणून सुरुवात तिथूनच करतो. कमांड आणि सेटिंगची नावे इथे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत टाइप करायची.

चालू सर्व्हरचे वर्ल्ड दोन जागी असते. काही डिस्कवर, आणि शेवटच्या सेव्हनंतर झालेले सगळे बदल रॅममध्ये. थांबण्याचा निरोप मिळाला आणि तो सर्व्हरला कळला, तर रॅममधले सगळे डिस्कवर उतरवून मगच तो बंद होतो. निरोप कळला नाही, किंवा उतरवून होण्याआधीच त्याला मारले, तर मधला सगळा खेळ गेला. लिनक्समध्ये हे निरोप सिग्नलच्या रूपाने जातात. सिगटर्म म्हणजे 'आता आवरते घ्या'. सिगइंट म्हणजे कीबोर्डवरून दाबलेले कंट्रोल-सी. सिगकिल प्रोग्रामपर्यंत पोचतच नाही, कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा परस्पर प्रोग्रामचा निकाल लावतो. तिथे सेव्ह करायला वाव नसतो.

प्रत्येक गेम हे निरोप सारखेच मानत नाही, आणि खरी गोम इथे आहे. माइनक्राफ्टचा जावा सर्व्हर सिगटर्म मिळताच वर्ल्ड सेव्ह करून बंद होतो. व्हॅलहाइमच्या सर्व्हरला मात्र कंट्रोल-सी, म्हणजे सिगइंट द्यावा लागतो. सिस्टमडी ही लिनक्सवर सेवा सुरू-बंद करणारी यंत्रणा. तिला वेगळे काही सांगितले नसेल तर सेवा थांबवताना ती सिगटर्म पाठवते. त्यामुळे व्हॅलहाइमच्या युनिट फाइलमध्ये, म्हणजे सिस्टमडीसाठीच्या सेटिंगच्या फाइलीत, 'किलसिग्नल=सिगइंट' ही एक ओळ नसेल, तर दर रीस्टार्टला वर्ल्ड सेव्ह झाले की नाही याची खात्री उरत नाही. आपोआप सेव्ह होण्यातले अंतर त्यात मुळात 1800 सेकंदांचे आहे. म्हणजे कुणाचा अर्ध्या तासाचा खेळ पणाला लागलेला असतो, आणि सर्व्हर चालवणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो, कारण सर्व्हर पुन्हा व्यवस्थित सुरू झालेला दिसतो.

दुसरी गोष्ट मुदतीची. थांबण्याचा सिग्नल दिल्यावर सिस्टमडी सहसा 90 सेकंद थांबते आणि तेवढ्यात प्रोग्राम बंद झाला नाही तर सिगकिल देते. वर्ल्ड मोठे, डिस्क जुनी आणि फिरती, वर मॉड भरपूर, असे असेल तर 90 सेकंद अपुरे पडू शकतात. 'टाइमआउटस्टॉपसेक=180' लिहून मुदत वाढवावी. डॉकरमध्ये, म्हणजे प्रोग्राम 'कंटेनर' नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालवणाऱ्या साधनात, तर ही मुदत अवघी 10 सेकंदांची असते. कंटेनरच्या सेटिंगच्या कंपोज फाइलमध्ये 'स्टॉप_ग्रेस_पिरियड' दोन-तीन मिनिटांचा दिल्याशिवाय डॉकरमध्ये गेम सर्व्हर ठेवूच नये. डॉकरचा आणखी एक छुपा खड्डा आहे. कंटेनरमधली पहिली प्रक्रिया शेल स्क्रिप्ट असेल आणि स्क्रिप्टने सर्व्हर 'एक्झेक' न लावता सुरू केला असेल, तर सिग्नल शेलजवळच अडकतो, सर्व्हरपर्यंत जातच नाही. 10 सेकंद जातात, मग सिगकिल. स्क्रिप्टच्या शेवटच्या ओळीत सर्व्हरच्या कमांडआधी 'एक्झेक' हा एक शब्द टाकला की शेलची जागा सर्व्हर घेतो आणि निरोप थेट त्याला मिळतो.

हे तपासायला दोन मिनिटे पुरतात. सर्व्हर चालू असताना एका ठरावीक जागी काहीतरी बांधा, लगेच 'सिस्टमसीटीएल स्टॉप' द्या, आणि 'जर्नलसीटीएल'ने त्या सेवेच्या लॉगच्या शेवटच्या ओळी वाचा. माइनक्राफ्टमध्ये 'सेव्हिंग वर्ल्ड्स' आणि त्यापाठोपाठ सगळी डायमेन्शन सेव्ह झाल्याची ओळ दिसली पाहिजे. त्याऐवजी 'टाइम्ड आउट, किलिंग' असे काही दिसले, तर मुदत संपून सिगकिल गेला असे समजावे. मग पुन्हा सुरू करून बांधलेले जागेवर आहे का ते पाहावे. ही चाचणी मित्रांना बोलावण्याआधी करायची, नंतर नाही.

आता रूटचा मुद्दा. गेमची नेहमीची पोर्ट 1024 च्या बरीच वर असतात, त्यामुळे ती उघडायला रूटचे अधिकार लागतच नाहीत. रूट म्हणून सर्व्हर चालवण्यात फायदा शून्य, आणि धोका काय हे डिसेंबर 2021 मध्ये साऱ्या जगाने पाहिले. लॉगफोरजे या जावाच्या लॉग लिहिणाऱ्या लायब्ररीत सापडलेल्या लॉगफोरशेल या त्रुटीचा गाजावाजा आधी माइनक्राफ्टच्या सर्व्हरांवरच झाला. चॅटमध्ये एक विशिष्ट मजकूर टाकायचा, सर्व्हर तो लॉगमध्ये लिहायला जायचा, आणि त्या लिहिण्यातूनच बाहेरचा कोड यंत्रावर चालायचा. पासवर्ड लागत नव्हता, कुठली फाइल पाठवावी लागत नव्हती. माइनक्राफ्टची 1.18.1 ही आवृत्ती तातडीने आली. ज्यांचा सर्व्हर साध्या, वेगळ्या यूजरखाली चालत होता, त्यांच्याकडे असा कोड त्या यूजरच्या अधिकारांपुरता मर्यादित राहणार. रूटखाली चालवणाऱ्याचे अख्खे यंत्रच समोरच्याच्या हाती. अशी त्रुटी पुन्हा येणार नाही असे कोणी सांगू शकत नाही. म्हणून गेमसाठी स्वतंत्र यूजर करावा, त्याला सुडोचे (रूटच्या नावाने कमांड चालवण्याचे) अधिकार देऊ नयेत, पासवर्डने लॉगिन बंद ठेवावे. डेबियन आणि उबंटूवर 'अ‍ॅडयूजर' कमांडला 'डिसेबल्ड-पासवर्ड' हा पर्याय दिला की काम होते.

स्टीमवरच्या बहुतेक गेमचा सर्व्हर स्टीमसीएमडी या स्टीमच्या कमांडलाइन साधनाने उतरवतात. इथे नवशिके नेमके कुठे अडतात ते सांगितले पाहिजे. स्टीमसीएमडी हा 32 बिटचा प्रोग्राम आहे आणि आजचे लिनक्स 64 बिटचे. 32 बिटच्या लायब्ररी नसतील तर 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' अशी तक्रार येते. फाइल तर डोळ्यांसमोर असते, त्यामुळे माणूस चक्रावून जातो. सापडत नसलेली फाइल वेगळीच असते, ती चालवण्यासाठी लागणारा 32 बिटचा लोडर. डेबियन किंवा उबंटूवर 'लिब32जीसीसी-एस1' हे पॅकेज टाकले की प्रश्न मिटतो. रिपॉझिटरीतून स्टीमसीएमडी घेणार असाल तर आधी 'डीपीकेजी' कमांडने आय386 हे आर्किटेक्चर जोडावे लागते. एआरएम प्रोसेसरच्या छोट्या बोर्डांवर स्टीमसीएमडी सरळ चालत नाही, मध्ये बॉक्स86 आणि बॉक्स64 सारखा अनुवादक लागतो. पहिल्या प्रयत्नासाठी जुना इंटेल किंवा एएमडीचा डेस्कटॉप कितीतरी बरा.

पुढचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी 'फोर्स_इन्स्टॉल_डिर' देऊन कुठे उतरवायचे ते सांगायचे, मग 'लॉगिन अ‍ॅनॉनिमस', मग 'अ‍ॅप_अपडेट' आणि गेमच्या सर्व्हरचा क्रमांक, शेवटी 'क्विट'. व्हॅलहाइमच्या सर्व्हरचा क्रमांक 896660, रस्टचा 258550, टीम फोर्ट्रेस 2 चा 232250. लॉगिन आधी आणि जागा नंतर सांगितली तर स्टीमसीएमडी त्याबद्दल इशारा देते, आणि फाइली भलत्याच फोल्डरात जाऊ शकतात. 'अ‍ॅप स्टेट 0x202' असे म्हणत काम थांबले तर आधी डिस्कवरची मोकळी जागा पाहावी. 'व्हॅलिडेट' हा शब्द जोडला की सगळ्या फाइली मूळ प्रतीशी ताडल्या जातात आणि बदललेल्या फाइली मूळपदावर येतात. त्यामुळे व्हॅलहाइमसोबत येणाऱ्या स्टार्ट स्क्रिप्टमध्येच सर्व्हरचे नाव आणि पासवर्ड लिहून ठेवणाऱ्यांचे बदल पुढच्या अपडेटला पुसले जातात. स्क्रिप्टची वेगळ्या नावाने प्रत करून तीच वापरावी. याच गेममध्ये पासवर्ड किमान 5 अक्षरांचा हवा आणि तो सर्व्हरच्या नावात आलेला असू नये. नाहीतर सर्व्हर सुरूच होत नाही.

माइनक्राफ्टची तऱ्हा निराळी. पहिल्यांदा चालवल्यावर तो लगेच बंद होतो, कारण 'यूला' या मजकूर फाइलमध्ये 'फॉल्स'च्या जागी 'ट्रू' लिहून करार मान्य करावा लागतो. त्याआधीच अडखळला तर बहुधा जावाची आवृत्ती जुनी असते. 1.18 ला जावा 17 लागली, 1.20.5 ला 21. चुकीच्या जावावर येणाऱ्या एररमध्ये 'क्लास फाइल व्हर्जन 65' असा आकडा असतो. त्यातून 44 वजा केले की हवी असलेली जावा कळते. 65 म्हणजे 21, 61 म्हणजे 17. पॅकेज 'हेडलेस' प्रकारचे घ्यावे, चित्रांसाठीच्या लायब्ररी सर्व्हरला लागत नाहीत.

आता युनिट फाइल. टीमक्स किंवा स्क्रीन वापरून सर्व्हर चालू ठेवण्याची जी पद्धत लेखात दिली आहे, ती शिकण्यापुरती ठीक. एसएसएच, म्हणजे दुरून यंत्रावर लॉगिन केलेली जोडणी, तुटले तरी त्यात सर्व्हर जिवंत राहतो. पण वीज जाऊन आली किंवा कर्नल अपडेटनंतर यंत्र रीबूट झाले की सर्व्हर उठत नाही आणि रीबूटच्या वेळी त्याला नीट थांबवणारेही कोणी नसते. सिस्टमडीची युनिट फाइल दहा-बारा ओळींची असते. 'युनिट' विभागात 'आफ्टर=नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट' आणि त्याच टार्गेटचे 'वॉन्ट्स'. नुसते 'आफ्टर' लिहिले तर क्रम ठरतो, ते टार्गेट सुरू होईलच असे नाही, म्हणून दोन्ही हवे. 'सर्व्हिस' विभागात 'यूजर', 'वर्किंगडिरेक्टरी', संपूर्ण पाथसह 'एक्झेकस्टार्ट', 'रीस्टार्ट=ऑन-फेल्युअर', 'रीस्टार्टसेक=15', आणि वर सांगितलेल्या किलसिग्नल आणि मुदतीच्या ओळी. 'इन्स्टॉल' विभागात 'वॉन्टेडबाय=मल्टी-यूजर.टार्गेट'. मग 'डेमन-रीलोड', मग 'एनेबल' सोबत 'नाऊ'.

यातली 'वर्किंगडिरेक्टरी' विसरली तर सर्व्हर सुरू होतो, पण सेटिंगच्या फाइली शोधतो भलतीकडे. एक तर त्याला नवे, रिकामे वर्ल्ड करता येते, किंवा तिथे लिहायची परवानगी नसल्याने तो कोसळतो. रिकामे वर्ल्ड पाहून घाबरून जाऊन काही पुसू नये. जुने वर्ल्ड जागेवरच असते, सर्व्हर दुसऱ्या फोल्डरात उभा असतो इतकेच. जावाचे एक वैशिष्ट्यही लक्षात ठेवावे. सिगटर्मवर व्यवस्थित बंद झाला तरी जावा प्रोग्राम 143 हा कोड परत देतो आणि सिस्टमडी त्याला अपयश समजून लाल अक्षरांत दाखवते. 'सक्सेसएक्झिटस्टेटस=143' लिहिले की खऱ्या अपयशाशी गल्लत होत नाही.

कोसळल्यावर सर्व्हर पुन:पुन्हा उठत राहणे हेही नेहमी चांगले नसते. 10 सेकंदांत 5 वेळा सुरू करूनही सेवा टिकली नाही तर सिस्टमडी नाद सोडते. पण 'रीस्टार्टसेक' 15 ठेवल्यावर ही मर्यादा कधीच लागू होत नाही, कारण 10 सेकंदांत 5 प्रयत्न होणारच नाहीत. बिघडलेल्या वर्ल्डवर सर्व्हर रात्रभर आदळत राहतो. 'स्टार्टलिमिटइंटरव्हलसेक=600' आणि 'स्टार्टलिमिटबर्स्ट=4' या दोन ओळी 'युनिट' विभागात टाकाव्यात. 'सर्व्हिस' विभागात टाकल्या तर त्या धरल्या जातीलच याचा भरवसा नाही.

थोडी अधिक सुरक्षा हवी तर 'नोन्यूप्रिव्हिलेजेस', 'प्रायव्हेटटीएमपी' आणि 'प्रोटेक्टसिस्टम=स्ट्रिक्ट' (सर्व्हरला डिस्क फक्त वाचण्यापुरती देणारी) या सेटिंग फार उपयोगी आहेत. शेवटच्या सेटिंगसोबत सर्व्हरचा फोल्डर 'रीडराइटपाथ्स'मध्ये नमूद करावा, नाहीतर सेव्ह अडेल. सर्व्हर होम फोल्डरात असेल तर 'प्रोटेक्टहोम' लावू नये, त्याला स्वतःचे घरच दिसेनासे होते. आणि जावाला 'मेमरीडिनायराइटएक्झिक्यूट' चालत नाही, कारण जावा चालता चालताच यंत्रभाषेतला कोड बनवते.

नेटवर्कबद्दल लेखात सर्वांत जास्त गोंधळ आहे. डीएमझेड म्हणजे त्या यंत्राकडे येणारे सगळे पोर्ट बाहेरच्या जगाला सताड उघडे. एसएसएच, फाइल शेअरिंग, सगळेच. दोन पोर्टसाठी घराच्या भिंती पाडायची गरज नाही. टीसीपी आणि यूडीपी या नेटवर्कवर डेटा पाठवण्याच्या दोन पद्धती. माइनक्राफ्ट जावाला टीसीपी 25565 पुरते. व्हॅलहाइमला यूडीपी 2456 आणि 2457. फॅक्टोरिओला यूडीपी 34197. टेरारियाला टीसीपी 7777. लुआंटीला, म्हणजे पूर्वीच्या माइनटेस्टला, यूडीपी 30000. तेवढेच राउटरमधून पुढे पाठवावे, आणि सर्व्हरच्या यंत्राला राउटरमध्ये डीएचसीपी (यंत्रांना पत्ते वाटणारी सोय) आरक्षणाने कायमचा पत्ता द्यावा, नाहीतर रीबूटनंतर पत्ता बदलतो आणि पोर्ट दुसऱ्याच कुणाकडे जाते.

जोडणी होत नाही म्हणून फायरवॉल बंद करणे हा रोग एकाला आणि औषध दुसऱ्याला पाजण्याचा प्रकार आहे. क्रमाने पाहावे. पहिला प्रश्न, सर्व्हर ऐकतो आहे का? 'एसएस' कमांड यूडीपीसाठी 'उणे एलयूएनपी' आणि टीसीपीसाठी 'उणे एलटीएनपी' पर्यायांसह चालवली की कोणता प्रोग्राम कुठल्या पोर्टवर बसला आहे ते दिसते. दुसरा प्रश्न, बाहेरून पॅकेट यंत्रापर्यंत येते का? 'टीसीपीडंप'ला तो पोर्ट सांगून बसावे आणि मित्राला जोडायला सांगावे. एकही ओळ उमटली नाही तर दोष राउटरमध्ये किंवा त्याच्याही पुढे आहे, फायरवॉलला हात लावण्यात अर्थ नाही, कारण टीसीपीडंपला पॅकेट फायरवॉलच्या आधी दिसते. ओळी उमटतात पण उत्तर जात नाही, तेव्हाच फायरवॉल पाहावी. संकेतस्थळांवरची पोर्ट तपासणारी पुष्कळ साधने फक्त टीसीपी तपासतात. यूडीपीच्या गेमला ती हमखास 'बंद' दाखवतात. आणि घरच्याच वायफायवरून बाहेरचा पत्ता टाकून तपासू नये. अनेक राउटर आतून बाहेर जाऊन पुन्हा आत येणारी जोडणी करून देत नाहीत. मोबाइल डेटावरून तपासावे.

एवढे करूनही पॅकेट येत नसेल तर राउटरच्या पानावर त्याला मिळालेला बाहेरचा पत्ता बघावा. तो 100.64.0.0 ते 100.127.255.255 यांच्या दरम्यान असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. म्हणजे एकच सार्वजनिक पत्ता सेवा पुरवठादाराने अनेक ग्राहकांत वाटलेला आहे. तिथे राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडा, पालथ्या घड्यावर पाणी. सेवा पुरवठादाराकडे स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मागणे, गेमला चालत असेल तर आयपीव्ही6 वापरणे, किंवा सार्वजनिक पत्ता असलेल्या भाड्याच्या छोट्या सर्व्हरपर्यंत वायरगार्ड या व्हीपीएनचा बोगदा काढणे, हे तीन मार्ग आहेत. वायरगार्ड मार्च 2020 मध्ये आलेल्या 5.6 आवृत्तीपासून लिनक्स कर्नलमध्येच आहे. व्हॅलहाइमला 'क्रॉसप्ले' पर्याय लावला तर जोडणी मधल्या रिलेमार्गे होते आणि पोर्ट उघडावेच लागत नाही, खेळाडूंना कोड द्यायचा.

उबंटूवर यूएफडब्ल्यू ही फायरवॉल वापरायला सोपी आहे. पण भाड्याच्या, दूरच्या सर्व्हरवर ती सुरू करण्याआधी 'यूएफडब्ल्यू अलाऊ ओपनएसएसएच' द्यावेच, नाहीतर स्वतःच बाहेर कोंडले जाल. गेमचे पोर्ट देताना पुढे टीसीपी की यूडीपी तेही लिहावे. डॉकर वापरणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. डॉकरने प्रसिद्ध केलेले पोर्ट यूएफडब्ल्यूला वळसा घालून उघडते. यूएफडब्ल्यू 'बंद' म्हणते आणि पोर्ट जगाला उघडे असते. आतल्या वापराचे पोर्ट 127.0.0.1 या पत्त्यालाच बांधावे.

हे आरकॉनसाठी फार महत्त्वाचे आहे. आरकॉन म्हणजे दुरून सर्व्हरला हुकूम देण्याची सोय, माइनक्राफ्टमध्ये टीसीपी 25575 वर. तिचा पासवर्ड कोणत्याही एन्क्रिप्शनशिवाय जातो. ती इंटरनेटवर कधीही उघडू नये. दुरून लागली तर एसएसएचच्या बोगद्यातून वापरावी. त्याच जातीची दुसरी चूक म्हणजे 'ऑनलाइन-मोड=फॉल्स'. त्याने खेळाडूची ओळखच तपासली जात नाही. ऑपरेटरचे नाव घेऊन कोणीही आत येऊ शकतो आणि सर्व्हर त्याला ऑपरेटरचेच अधिकार देतो. परवानगी असलेल्या खेळाडूंच्या नावांची यादी लावायची असेल तर त्या सेटिंगचे नाव 'व्हाइट-लिस्ट' असे मध्ये आडव्या रेघेसह आहे, पण आत असलेल्यांनाही ती लागू करणारे सेटिंग 'एन्फोर्स-व्हाइटलिस्ट' आहे, तिथे व्हाइट आणि लिस्ट यांत रेघ नाही. अनेकांचे इथेच चुकते आणि यादी लागू झाली आहे अशा समजुतीत ते राहतात.

यंत्र किती मोठे हवे, याबद्दल लेखात कोअरच्या संख्येवर भर आहे. माइनक्राफ्ट सेकंदाला 20 टिक (जग पुढे सरकवणारी पावले) चालवतो, म्हणजे एका टिकला 50 मिलिसेकंद, आणि जगाचे बहुतेक गणित एकाच थ्रेडवर होते. सोळा संथ कोअरपेक्षा चार वेगवान कोअर बरे. लॉगमध्ये 'कान्ट कीप अप' दिसू लागले तर रॅम वाढवण्याआधी 'व्ह्यू-डिस्टन्स' पाहावा. 10 असेल तर प्रत्येक खेळाडूभोवती 21 गुणिले 21, म्हणजे 441 चंक (जगाचे चौकोनी तुकडे) लागतात. 6 केला तर 169. रॅमबाबत उलटीच चूक होते. 8 जीबीच्या यंत्रावर 'एक्सएमएक्स', म्हणजे जावाची मेमरीची कमाल मर्यादा, 8 जीबी दिला जातो. तो आकडा फक्त जावाच्या हीपचा, म्हणजे प्रोग्रामच्या डेटासाठीच्या मेमरीचा आहे, जावाला त्याबाहेरही मेमरी लागते आणि लिनक्सलाही. मग कर्नल मेमरी संपली म्हणून सर्व्हरलाच ठार करतो, तेही सिगकिलने, म्हणजे सेव्ह न करता. 8 जीबीवर 5 ते 5.5 दिले तर निभाव लागतो. असे झाले का ते 'जर्नलसीटीएल उणे के'मध्ये 'आउट ऑफ मेमरी' शोधून कळते.

राहिला बॅकअप. चालू सर्व्हरचा फोल्डर नुसता कॉपी करणे म्हणजे लिहिणे चालू असलेल्या वहीचा फोटो काढणे. अर्धी ओळ जुनी, अर्धी नवी. माइनक्राफ्टमध्ये आधी 'सेव्ह-ऑफ', मग 'सेव्ह-ऑल फ्लश', मग कॉपी, मग 'सेव्ह-ऑन'. हे स्क्रिप्टने करताना एक धोका आहे. कॉपी करताना डिस्क भरली आणि स्क्रिप्ट मध्येच थांबली, तर 'सेव्ह-ऑन' होतच नाही. सर्व्हर छान चालतो, खेळाडू खेळत राहतात आणि डिस्कवर काहीच जात नाही. त्यानंतर वीज गेली तर कित्येक दिवसांचे जग नाहीसे. बॅश स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच 'ट्रॅप' लावून ठेवावा, म्हणजे स्क्रिप्ट कशीही संपली तरी जाताना 'सेव्ह-ऑन' पाठवूनच जाईल. व्हॅलहाइमच्या वर्ल्डच्या दोन फाइली असतात, एक डीबी आणि एक एफडब्ल्यूएल. दोन्हींची जोडी एकत्रच ठेवावी. सोबत अ‍ॅडमिन, बंदी घातलेले आणि परवानगी असलेले यांच्या तीन याद्याही घ्याव्यात. हे सगळे सर्व्हरच्या फोल्डरात नसून त्या यूजरच्या होममधल्या लपलेल्या 'कॉन्फिग' फोल्डरात, 'युनिटी3डी'च्या आत असते. सर्व्हरच्या फोल्डराचा मन लावून बॅकअप घेणाऱ्यांकडे वर्ल्डच नसते, ते यामुळे.

अपडेटच्या आधी बॅकअप घ्यावाच. नव्या आवृत्तीने एकदा उघडलेले माइनक्राफ्टचे वर्ल्ड जुन्या आवृत्तीत परत नेण्याची सोय नाही. 'एक्झेकस्टार्टप्री'मध्ये स्टीमसीएमडीने अपडेट लावणाऱ्यांनी 'टाइमआउटस्टार्टसेक' वाढवावा, कारण सुरू होण्याची मुदतही 90 सेकंदांचीच असते आणि मोठे डाउनलोड त्यात अर्ध्यावर तोडले जाते. बॅकअप दुसऱ्या डिस्कवर, शक्य तर दुसऱ्या यंत्रावर ठेवावा. आणि महिन्यातून एकदा तो उलगडून पाहावा. वेगळा फोल्डर, वेगळे पोर्ट, त्यात बॅकअपमधले वर्ल्ड, माइनक्राफ्ट असेल तर मूळ सर्व्हरहून कमी 'एक्सएमएक्स', आणि राउटरमध्ये काहीही न उघडता घरातूनच जोडून आत फिरून यावे. वर सांगितलेल्या चाचणीत जे बांधले होते, ते तिथे उभे दिसले पाहिजे.

आपला,
एक वाचक